नोकरीला वार लागत न्हाय

६ ऑगस्ट २०२४

राणी,

वर आशीर्वाद लिहायचा का न्हाय ते ठरंना, म्हणून नुसतं नाव लिवलं. तू माझा फोन उचलत न्हाईस. आठ वेळा केला. शेवटी नंदगडला तुझ्या आईला फोन करून वडगावच्या खोलीचा पत्ता घेतला. तिनं दिला, खरं लगेच म्हणाली, "जयाबाई, पोरीला घरी ये म्हणून लिवू नका हां." न्हाय लिवत. मला एक इचारायचं हाय.

काल भांगलताना शेजारची अक्काताई म्हणाली, "तुझी सून कंपनीत करत होती तरी काय गं?"

मी म्हंटलं, "मशीनवर होती."

"व्हय, खरं ते मशीन काय करतंय? मसाला कुटतंय, का कापड शिवतंय?"

मला सांगता येईना. तीन वर्षं तुझा डबा मी बांधला. तुला वांगं चालत न्हाय, भाकरी गार चालते, हे मला ठावं. पहिल्या पाळीला साडेपाचला निघायचीस, दुसऱ्या पाळीला कंपनीच्या गाडीनं रात्री साडेअकराला यायचीस, आणि मी दारात उभी राहून गल्लीत कोण जागं हाय ते बघायची. तू निघाल्यापासनं येस्तोवर नेमकं काय करतीस, हे मी कधी इचारलंच न्हाय. रात्री रविराजला इचारलं. तो म्हणाला, "सीएनसी लेथ." म्हंटलं, "म्हंजे?" म्हणाला, "म्हंजे लोखंडाचं." आणि फोन बघत बसला. त्यालाबी ठावं न्हाय असं मला वाटतंय.

तू जूनमध्ये घर सोडलंस तो दिवस मी सारखा उगाळते. यात्रेआधी गावानं पाच मंगळवार पाळले. नांगर बंद, कुदळ बंद, गिरणी बंद. दुसऱ्या मंगळवारी तू कामाला गेलीस, आणि त्याच आठवड्यात आमचे हे, म्हंजे तुझे मामा, बांधावरनं पडले. गल्लीतल्या बायका म्हणाय लागल्या, "वार मोडला, पाय मोडला." मग लक्ष्मीची यात्रा आली. तू चार दिवसांची रजा काढलीस, आम्ही तुला नऊ दिवस सोडलं न्हाय. पाव्हणे होते, भाकऱ्यांचा ढीग होता. दहाव्या दिवशी तू कंपनीत गेलीस आणि दुपारीच परत आलीस. रविराजपुढं उभी राहून म्हणालीस, "माझा लागला न्हाय म्हणून तुझ्या नंबरावर फोन केलता त्यांनी. मी काम सोडलं म्हणून सांगितलंस?" तो म्हणाला, "मी न्हाय." तू म्हणालीस, "मग तुझा फोन काय म्हशीनं उचलला?"

मी तवा चुलीपुढं होते. मला नीट ऐकू आलं न्हाय.

तुझी आई म्हणाली की तू वडगावात राहून कामाला जातीस. म्हंजे कंपनीनं परत घेतलं असणार. मग सांग की, तिथं तू करतीस तरी काय?

जयाबाई

*

२२ ऑगस्ट २०२४

राणी,

उत्तर आलं न्हाय. मग मीच बघून आले.

चिडू नकोस. परवा मामा डेअरीला गेल्यावर मी बसला बसले. आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरनं शून्याचं तिकीट फाडून दिलं. वरसभर झालं बायकांना बस फुकट हाय, आणि मी आजवर दोनदा बसले, दोन्ही वेळा मामांबरोबर दवाखान्याला. एकटीनं बसायची ही पहिली खेप. खिडकीजवळ बसले. कोण काय म्हणंल म्हणून हातात पिशवी घेतलती, पिशवीत काय न्हवतं. शहरातल्या मोठ्या स्टँडवर, सीबीटीला, उतरून दुसरी बस धरली, उद्यमबागेत उतरले. तिथं किती कारखाने गं! रविराजनं एकदा निळं गेट म्हंटलेलं आठवलं. निळी गेटं पाच निघाली.

तिसऱ्या गेटावर वॉचमन म्हणाला, "यार बेक्री? कोण पायजे?" तुझं नाव सांगितलं, तर तो आत जाऊन एका माणसाला घेऊन आला. पांढऱ्या मिशा, खिशाला तीन पेनं. आण्णाप्पा म्हणून सुपरवायझर. मराठी मोडकी बोलतात, माझी कन्नड त्याहून मोडकी. म्हणाले, "राणी इथं न्हाय अम्मा. ती मे म्हैन्याच्या शेवटी सोडली."

 मला वाटलं होतं तुला परत घेतलं.

त्यांनी आत बसवून पाणी दिलं. वडगावच्या मनिषाकडनं त्यांना कळलंय की तू आता लहान वर्कशॉपात तयार माल घासून खोक्यात भरायचं काम करतीस. मशीन न्हाय. मनिषा म्हंजे तुझ्या खोलीत राहणारी पोरगीच न्हवं? आण्णाप्पा म्हणाले, "असा हात तिथं घासायला लावला. पाप हाय."

मी म्हंटलं, "ती हितं करत होती काय, तेवढं दाखवता?"

ऑफिसातल्या काचेतनं त्यांनी दाखवलं. कपाटाएवढं मशीन, त्याला काचेचं दार, आत लोखंडाचा तुकडा गरागरा फिरतोय आणि त्याच्यावर दुधासारखं पाणी पडतंय. एक पोरगा बटनं दाबत होता. आण्णाप्पांनी माझ्या हातावर बोटाएवढा लोखंडी तुकडा ठेवला. आरशासारखा. म्हणाले, "तुमच्या डोक्याचा एक केस घ्या, त्याचे दहा भाग करा. एका भागाएवढा फरक पडला तरी हा भंगारात जातो." मग म्हणाले, "बाकीचे पोरं माप घेऊन बघतात. राणी आवाज ऐकून सांगायची. सर, टूल बोथट झालं, बदला. आम्ही बदलायचो. ती कधी चुकली न्हाय."

राणी, हे तू घरात एकदाबी सांगितलं न्हाईस. का सांगितलं न्हाईस? आम्ही इचारलं न्हाय म्हणून?

म्हशीचं वरडणं ऐकून ती माजावर आलीया का भुकेली हाय हे मी सांगते. घरात त्याचं कौतुक कुणाला न्हाय, खरं मला ते येतंय हे मला ठावं हाय. तुझं तसलंच असंल का? का अगदीच येगळं?

निघताना आण्णाप्पा म्हणाले, "तुमच्याच घरनं सांगितलं की सोडलं म्हणून. मग आम्ही लगेच दुसरा माणूस ठेवला." मी पिशवी उचलून बाहेर पडले.

बसमध्ये परत येताना खिडकी मिळाली न्हाय. मामांना सांगितलं, अक्काताईच्या भैणीकडं गेलते.

जयाबाई

*

२ सप्टेंबर २०२४

राणी,

फोन मी उचलला.

यात्रेचा नववा दिवस होता. रविराज आंघोळीला गेलता, फोन देव्हाऱ्याजवळ वाजत होता. मी उचलला. पलीकडनं बाई मराठीत बोलत होती, "राणी कामावर येणार आहे का? नऊ दिवस झाले." मी म्हंटलं, "ती येणार न्हाय. तिनं काम सोडलंय." तिनं "बरं" म्हंटलं आणि ठेवला. एवढंच झालं. चहा गाळायला जेवढा येळ लागतो त्याहून कमी.

तू रविराजवर ओरडत होतीस तवा मी चुलीपुढं होते हे खरं. ऐकू आलं न्हाय हे खोटं. सगळं ऐकू आलं. बोलावं म्हणून उठले, आणि ताट घेऊन परत बसले. मला वाटलं दोन दिवसांनी तू निवळशील, घरात राहशील, सगळं जागेवर बसंल. तू पिशवी भरलीस.

का बोलले असं, हे मी स्वतःला सारखं इचारते. आधी म्हंटलं, मामांचा पाय मोडला म्हणून भ्याले. गल्लीत बायका बोलत होत्या. खरं तेवढंच न्हाय. मी सातवी पास हाय, तुला ठावं हाय का? रविराज दोन वर्षांचा असताना गावात अंगणवाडी आली. मदतनीस पायजे होती. बाईंनी घरी येऊन माझं नाव लिवून घेतलं. तुझ्या आजेसासूनं दुसऱ्या दिवशी जाऊन ते खोडून आणलं. "घरातली लक्ष्मी दुसऱ्याच्या पोरांची शेंबडं पुसाय जाणार?" असं म्हणाली. मी रडलेबी न्हाय. बरोबरच हाय असं मला वाटलं.

मग तू आलीस. सकाळी साडेपाचला बूट घालून निघायचीस. मी दारात उभी राहायची. गल्लीत कोण बघतंय म्हणून उभी राहते, असं मी स्वतःला सांगायची.

फोनवर मी भेदरून बोलले का जळून बोलले, हे मला अजून समजलं न्हाय. दोन्ही असंल.

रविराजचा काय दोष न्हाय. त्यानं तुला खरं सांगितलंतं.

जयाबाई

*

२९ सप्टेंबर २०२४

राणी,

चौथं पत्र. तू वाचतीस का फाडतीस ठावं न्हाय, तरी लिवते, कारण घडलंय ते तुला कळायला पायजे.

गणपती गेल्यावर रविराजला सांगितलं. तो जेवत होता. घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "आई, तीन म्हैने तू माझ्याकडं बघून वाढत होतीस." पान सोडून उठला. चार दिवस माझ्या हातचा डबा नेला न्हाय. पाचव्या दिवशी नोकरीवरनं, सोसायटीच्या हापिसातनं, परस्पर वडगावला आला. तू दार उघडलं न्हाईस म्हणं. तो खाली मागाच्या खोलीत बसून राहिला, घरमालक साडी विणत होते ते बघत. घरी येऊन म्हणाला, "तिचं बरोबर हाय. आठवडा आठवडा कामातलं काय म्हणून इचारलं न्हाय मी तिला. फोन मी उचलला न्हाय एवढंच." मला वाटलं होतं, मी खरं सांगितलं की तुमचं दोघांचं जुळंल. तसं काय झालं न्हाय.

मग डोक्यात भुंगा शिरला. त्या मंगळवारी रविराजबी सोसायटीत गेलता. मामा डेअरीला गेलते. गावातले निम्मे गडी शहरात कामाला गेलते. वार तू एकटीनंच कसा मोडला?

देवळाच्या पंचातल्या रवळूला वाटेत गाठून इचारलं. तो म्हणाला, "वैनी, नोकरीला वार लागत न्हाय. वार शेतीला."

"मग राणीची नोकरीच होती की."

तो हसला. "ती बाईमाणूस. घरची लक्ष्मी. तिचं येगळं."

"येगळं म्हंजे कसं? समजून सांग की."

"आता एवढं काय इचारताय वैनी," म्हणाला आणि गाडीला किक मारली.

माझं समाधान होईना. मग वरच्या आळीला मालुबाईकडं गेले. नव्वदीच्या झाल्या, दिसत न्हाय, खरं बोलणं खणखणीत. त्यांना इचारलं, वार कशाला पाळतात? म्हणाल्या, "आमच्या येळेला वार म्हंजे जातं बंद, उखळ बंद, मुसळ बंद. आदल्या दिशी दळून ठेवायचं आणि त्या दिशी बसायचं. बायकांच्या हाताला इसावा असायचा बघ. वाट बघायचो आम्ही वाराची." मी इचारलं, "आणि भाकऱ्या?"  म्हणाल्या, "भाकऱ्या मात्र थापायच्याच. गडी उपाशी कसे ठेवणार?"

पाच मंगळवारी मी किती भाकऱ्या थापल्या असतील? देवीनं मला काय केलं न्हाय. मग तुला का करंल? आणि मामा पडले ते वळवाच्या चिखलात पडले. बांधावर मीबी चारदा घसरले. माझ्या घसरण्याचं कारण कुणी शोधलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी परत उद्यमबागेत गेले. ह्या खेपेला मामांना सांगून गेले. आण्णाप्पांना म्हंटलं, "फोनवर मी बोलले. खोटं बोलले. पोरीला ठावं न्हवतं."  मला वाटलं हाकलतात, खरं त्यांनी खिशातलं एक पेन काढलं. म्हणाले, "अम्मा, लिहून देता?" मी म्हंटलं, "मराठीत येतंय." त्यांनी कागद दिला. सह्या मी बचत गटात करते, खरं एवढं लांबडं असं कुणापुढं बसून पहिल्यांदाच लिवलं. 'मी, जयाबाई भावकू, राणीची सासू, माझ्या सुनेला न इचारता तिनं काम सोडलं असं सांगितलं. ते खोटं होतं.' हापिसातल्या पोरीनं त्याची कन्नड करून खाली टाइप केली. मला वाचून दाखवली. कन्नडमध्ये ते जास्तच वाईट वाटलं.

आण्णाप्पा म्हणाले, "मालकांना दाखवतो. शब्द देत न्हाय."

ते तुला बोलवतील का न्हाय, मला ठावं न्हाय. बोलवलं तर तू जाशील का, तेबी ठावं न्हाय. तू नको म्हणालीस तरी माझं काय म्हणणं न्हाय. एवढंच की ते कागदावर आलंय.

जयाबाई

*

१३ ऑक्टोबर २०२४

राणी,

तुझं पत्र खंडेनवमीच्या आधी दोन दिवस आलं. पोस्टमन भरमूनं हाक मारली तवा मी गोठ्यात होते. हात धुवून वाचलं, मग परत वाचलं. तू एवढंच लिवलंस, "चारी पत्रं वाचली. पहिल्या तारखेपासून जुन्या कंपनीत रुजू झाले, एक महिना बघून कायम करतील. मी गावी येणार नाही. रविराज इथं राहायला येतो म्हणतोय, मी नको म्हटलेलं नाही. माफ केलं असं मला लिहवत नाही. शुक्रवारी पूजेला घरच्यांना आत सोडतात. यायचं तर या."

'यायचं तर या' वर मी बोट ठेवून बसले.

रविराज त्याच दिवशी बॅग घेऊन गेला. गल्ली काय बोलते ते तुला लिवायला नको. मामा ओट्यावर बसून म्हणाले, "पोरगा बायकोमागं गेला." मी म्हंटलं, "तुम्ही माझ्यामागं कुठं कधी गेलाय?"  शुक्रवारी मी लुगडं नेसून निघाले तर मामा म्हणाले, "कुठं?"

"राणीच्या कंपनीत."

"कशाला?"

"बघायला."

ते पाय चोळत बसले. मी उंबरा ओलांडल्यावर म्हणाले, "आभाळ आलंय. छत्री ने."

पूजेत तुझ्याशी धड बोलता आलं न्हाय, म्हणून हे लिवते. आण्णाप्पांची बायको, मालक, पोरंटोरं, सगळी गर्दी. तू मला नमस्कार केला न्हाईस ते मला दिसलं. मी तेची वाटबी बघितली न्हाय. खरं तू माझ्या पुढं चालत मला मशीनपाशी नेलंस, आणि एक एक भाग सांगाय लागलीस, आणि मी इचारत गेले, आणि तू सांगत गेलीस. लगीन झाल्यापासनं आपण दोघी एवढं बोललो न्हवतो. ह्यो जबडा, ह्यो तुकडा धरतो. हे टूल. हे पाणी न्हवं, तेल आणि पाणी मिळून. दार उघडं असलं की मशीन चालूच होत न्हाय. ते कुणी शोधलं असंल?

तुझ्या पँटवरनं आणि टोपीवरनं मी दोन वर्षं बोलले. त्या दिवशी इचारलं, पदर घेतला तर काय होतंय? तू म्हणालीस, "आत्ती, जुन्या लेथवर एका माणसाची बाही अडकली होती. हात गेला त्याचा. पदर असता तर माणूसच गेला असता." तू हे रागानं बोलली न्हाईस, साधं बोललीस.  मी तुला पदर घे म्हणत होते, आणि तू एकदाबी उलट बोलली न्हाईस. का? सांगून कळणार न्हाय असं वाटलं का?

तू मशीनला हळदकुंकू लावलंस, झेंडूची माळ घातलीस. कोहळा फोडला तवा टाळ्या पडल्या. मी तुझ्याकडं बघत होते. घरात पूजेला बसायचीस तवा तुझी मान खाली असायची. हितं न्हवती.

आज सकाळी अक्काताई इचारत होती, तुझ्या वाटेनं तिच्या थोरल्या पोरीला जाता येईल का. बारावी झालीया. आयटीआयला कुठं, कधी नाव घालायचं, ते तू लिवून पाठव. तिचं लगीन ठरायच्या आत.

घरी यायचं मी म्हणत न्हाय. तू तिथंच राहा, रविराजला भांडी घासाय लाव. मामा आणि मी हाय हितं. माफीचंबी तू लिवलंस तसंच राहू दे, घाई न्हाय.

खरं एक मागणं हाय. त्या दिवशी पूजा म्हणून मशीन बंद होतं. तू सगळं सांगितलंस, खरं ते चालतंय कसं, तुझ्या हाताखाली चालतंय कसं, ते मला बघायचं हाय. आवाज बदलला की तुला कळतंय म्हणतात, तो आवाज मला ऐकायचा हाय. आण्णाप्पांना मी गेटाजवळ इचारून घेतलं. ते म्हणाले, "काचेमागं बसायचं असंल तर या, खरं राणीला पुढले पंधरा दिवस दुसरी पाळी हाय."

दुसरी पाळी म्हंजे रात्री अकराला सुटणार, आणि कंपनीची गाडी कामगारांपुरती. आपल्या गावची शेवटची बस नवाला जाते. त्या दिवशी मला परत येता येणार न्हाय.

तुझ्या खोलीवर मुक्कामाला आले तर चालंल काय?

जयाबाई